देवीचा रिकामा हात

"फूल कडीत खोचून येऊ नकोस हं," शैलावहिनींनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं. "दार वाजवायचं. सिंधूमावशी बाहेर येईपर्यंत उभं राहायचं आणि फूल त्यांच्या हातात द्यायचं. गुडघे दुखतात त्यांचे, वेळ लागतो. लागू दे."

मी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी फूल सिंधूमावशींच्या कडीत खोचून जवळजवळ पळतच घरी आले.

शमिका पाळण्यात जशी ठेवली होती तशीच होती. मी तिच्या नाकापुढे बोट धरलं. बोटाला श्वास लागला. पुन्हा धरलं. पुन्हा लागला. मग पाळण्याशेजारी खाली बसले आणि माझा स्वतःचा श्वास जागेवर यायची वाट बघू लागले.

येरळेकाठच्या वडगावातली आमची कासार आळी अगदी लहान. बांगड्यांची आणि भांड्यांची दुकानं पुढे, घरं मागे, आणि आळीच्या तोंडाशी कालिकेचं देऊळ. देवीची मूर्ती पंचधातूची, दीड वीत उंच, कित्येक शतकं जुनी. ती कायम लुगड्यात असायची. लुगड्याच्या निऱ्यांमधून फक्त चेहरा आणि उजवा हात बाहेर दिसायचा, आणि त्या हातात रोज एक ताजं फूल. ते फूल बदलायची पाळी रोज एकेका घराकडे. कालचं काढायचं, आजचं खोचायचं आणि कालचं पुढच्या घरी नेऊन द्यायचं. तिथे फूल पोचलं म्हणजे उद्याची पाळी त्यांची. माझ्या आधी शैलावहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, त्या समोरच्याच घरात राहायच्या. माझ्यानंतर सिंधूमावशी.

अर्ध्या तासाने दार वाजलं. उघडते तर सिंधूमावशी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कडीतलं मलूल झालेलं सोनटक्क्याचं फूल.

"हे तुझं का?"

"हो, मावशी. म्हटलं, तुम्ही झोपला असाल..."

"या वेळेला? मी काय बाळंतीण आहे?"

"तसं नाही. बाळ घरात एकटं होतं ना."

"पाळण्यात होतं ना? मग पाळणा काय गाव सोडून जातो?" त्यांनी फूल माझ्या हातात कोंबलं. "धर. आता मला दे."

"काय?"

"फूल. इतकी चालत आलेय, आता नीट हातात दे."

मला हसू आलं आणि रागही आला. मी फूल पुढे केलं. त्यांनी फूल घेतलं नाही. फुलासकट माझा हातच धरला, आणि सोडला नाही. कासारीण बांगडी चढवण्याआधी चेपून बघते तसा माझ्या अंगठ्याच्या मुळाशी त्यांचा अंगठा फिरत होता. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. बाजाराच्या दिवशी सगळ्या पंचक्रोशीतल्या बायका त्यांच्यापुढे हात धरून बसायच्या.

"लग्नात तुझ्या हातात मीच चुडा भरला. साबण लावला होता, तरी रडलीस."

"आठवतंय."

"आता त्याच बांगड्या कोपरापर्यंत जातायत. डाएट का काय म्हणतात, ते चाललंय?"

"नाही हो. झोप होत नाही."

"पोर रडते?"

"छे, शहाण्यासारखी झोपते."

"मग तू का नाही झोपत?"

"चहा टाकू का, मावशी?"

"नको. विचारलं काय आणि देतेस काय!" त्यांनी माझा हात सोडला. मग फूल घेऊन काठी टेकत निघून गेल्या. जाताजाता म्हणाल्या, "पोरीला श्वास घेता येतो गं. तुझी परवानगी लागत नाही तिला."

म्हणजे नाकापुढचं बोट आळीभर माहीत झालं होतं. होऊ दे. ती भीती मी लपवलीच नव्हती. सगळ्यांना हसून सांगत होते, मला बाई फारच काळजी वाटते हो, आणि सगळे म्हणत होते, पहिलटकरणीला वाटतेच. लपवलं होतं ते निराळं होतं.

एका दुपारी शमिकाला घेऊन मी वरच्या गॅलरीत उभी होते. खाली कोणीतरी तांब्याचा हंडा धूत होतं, ती बघत होती. आणि माझ्या मनात आलं, मी सोडलं तर?

बस, एवढंच. कुठून आलं माहीत नाही. मी तिला इतकं घट्ट आवळलं की ती रडायला लागली. त्यानंतर मी गॅलरीत गेले नाही. जिना उतरायचा तर तिला छातीशी धरून एकेका पायरीवर बसत उतरायची. विळी माळ्यावर टाकली, भाजी शैलावहिनींकडून चिरून आणायची. आणि अंघोळ! तीन महिन्यांपर्यंत बाई यायची. ती बंद झाल्यावर मी शैलावहिनींना म्हटलं, माझी कंबर धरते, तुम्ही घालाल का? त्या रोज सकाळी यायच्या, पाय पसरून पाटावर बसायच्या, शमिकाला नडग्यांवर पालथी घालायच्या, आणि मी दूर उंबऱ्यापाशी टॉवेल घेऊन उभी राहायची.

मला माझ्याच हातांची भीती वाटत होती. हे कुणाला कळलं तर शमिकाला माझ्यापासून काढून घेतील, आणि ते बरोबरच असेल, असं मला वाटायचं. म्हणून कुणालाही कळू द्यायचं नव्हतं. निनादलासुद्धा नाही. तो पुण्याला कंपनीत, शनिवारी यायचा. एरवी फोन.

"कशा आहात दोघी?"

"छान."

"आवाज असा का?"

"आत्ताच उठले."

झोपलेच नव्हते तर उठणार कुठून. पण तो विश्वास ठेवायचा. मी होतेच तशी, कधी खोटं न बोलणारी.

गंमत अशी की हात हा माझा अभ्यासाचा विषय. एम.ए.ला मला मूर्तिशास्त्र होतं. देव ओळखायचा तर तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचं, हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलं होतं. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म ज्या क्रमाने असतील त्यावरून तो केशव की माधव ते ठरतं. तळवा पुढे उभा केला असेल तर भिऊ नकोस. खाली उघडा केला असेल तर घे. हे सगळं मला पाठ होतं, आणि रात्रंदिवस मी माझे दोन हात ओढणीत गुंडाळून बसायची.

नवरात्राच्या आधी देवीला न्हाऊ घालतात. त्या दिवशी देवळात फक्त बायका. पुरुषांना दुकानात बसवून ठेवतात. मी जाणार नव्हते, पण सिंधूमावशी सकाळीच येऊन शमिकाला सरळ खांद्यावर टाकून चालू लागल्या. "तुला यायचं नसेल तर नको येऊस. ही येतेय." मग काय, मागोमाग गेले.

देवळाच्या ओवरीत घंगाळात कोमट पाणी, रिठे, मऊ फडकी. शैलावहिनींनी देवीचं लुगडं सोडलं, आणि मी पहिल्यांदाच तिला पूर्ण पाहिलं.

क्षणभर मी सगळं विसरले. मी पुस्तकांत पाहिलेल्या कितीतरी मूर्तींपेक्षा ती सुंदर होती. एका पायावर भार, कंबर किंचित कलती, खांदा उलट्या बाजूला झुकलेला, जणू कुणी हाक मारली म्हणून चालताचालता थांबली आहे. डावा हात मांडीशेजारी सैल सोडलेला. उजवा कोपरात दुमडून वर, बोटं गोलाकार वळलेली, मधे पोकळी. शतकांच्या हातांनी नाक झिजून गुळगुळीत झालं होतं, तरी ती कुणाकडे तरी बघते आहे हे कळत होतं.

"ही कालिका नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

"आता गं बाई!" शैलावहिनी म्हणाल्या. "आमच्या सात पिढ्यांनी कुणाला ओवाळलं मग?"

"म्हणजे, हातात खड्ग नाही, मुंडकं नाही, जीभ बाहेर नाही. दोनच हात आहेत. ही पार्वती वाटते."

"अगं, ती घरी आहे. घरी कोण तलवार घेऊन बसतं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. किती दिवसांनी हसले होते कुणास ठाऊक. मग मला बोलायला जोर आला. मी सांगितलं, अशी मूर्ती आधी मेणाची करतात. त्यावर मातीचा लेप चढवतात, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या जागी धातू ओततात. मग साचा फोडावाच लागतो. म्हणून अशी मूर्ती एकच होते, दुसरी तिच्यासारखी नाही.

"आणि हे बोट तुटलंय का गं?" एकीने विचारलं. "मुठीत भोक आहे ते. आमच्या सासूबाई म्हणायच्या, सोन्याचं कमळ होतं, चोरीला गेलं."

"नाही, चोरीला नाही गेलं. ही मुद्राच अशी असते. कटक हस्त म्हणतात. कटक म्हणजे कडं. बोटांचं कडं करून ठेवतात, ताजं फूल खोचता यावं म्हणून."

सिंधूमावशी शमिकाला मांडीवर घेऊन खांबाशी टेकून बसल्या होत्या. "एक सांग," त्या म्हणाल्या. "नखंसुद्धा ओतलीत त्याने. कानातली बुगडी ओतली, पैंजण ओतले. मग एक फूल ओतायला त्याचं काय जात होतं?"

"त्याचं कारण... पुस्तकात तसं दिलेलं नाही."

"म्हणजे माहीत नाही."

"नाही माहीत."

"बरं झालं बाई, काहीतरी माहीत नाही तुला," त्या म्हणाल्या. आणि मग, "चला, पाट मांडा. यंदा ऋजुता."

"यंदा मी काय?"

शैलावहिनी माझ्याकडे बघून नवलाने म्हणाल्या, "तुला निनादने सांगितलं नाही? आळीतली जी सगळ्यांत नवी आई, ती देवीला न्हाऊ घालते. बाळाला घालतो तशी, पायांवर घेऊन."

पाट मांडला होता. घंगाळातून वाफ येत होती. शैलावहिनींनी मूर्ती दोन्ही हातांत उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"नको."

"अगं बस."

"माझी कंबर..."

"कंबर कसली? बसूनच तर घालायची. घे, जड आहे, तुझ्या शमिकाएवढीच."

ते ऐकलं आणि मी हात ओढणीत लपवले. "नको वहिनी, पडेल माझ्या हातून."

"पडली तर फरशी फुटेल. हिला काय होतंय?"

पुन्हा सगळ्या हसल्या. आणि मी रडायला लागले. हुंदके नाहीत, आवाज नाही, नुसतं पाणी. शैलावहिनींनी मूर्ती घाईघाईने पाटावर ठेवली.

"काय झालं? ऋजू, काय झालं गं?"

"ती पडेल," मी म्हटलं. "शमिका पडेल. मी पाडेन. मी सारखी तेच बघते. गॅलरीत, जिन्यात, पाण्यात. मी मुद्दाम नाही हो, पण मला दिसतं. म्हणून मी तिला अंघोळ घालत नाही. कंबरेला काही झालेलं नाही. विळी मी माळ्यावर टाकलीय. मला माझ्याकडे तिला ठेवायची भीती वाटते, वहिनी. तुम्ही ठेवून घ्या तिला. तुमच्याकडे ठेवून घ्या."

मला वाटलं, झालं. आता सिंधूमावशी उठतील, शमिकाला घेऊन आत जातील, निनादला फोन जाईल.

सिंधूमावशी उठल्या खऱ्या. काठी न घेताच. गुडघ्यांनी कण्हत माझ्यापाशी आल्या, खाली बसल्या, आणि त्यांनी शमिकाला माझ्या मांडीवर ठेवलं.

मी हात मागे घेतले.

"राहू देत तुझे हात तिकडेच," त्या म्हणाल्या. "माझे आहेत तिच्याखाली."

शमिका माझ्याकडे बघून बोळकं पसरून हसली आणि माझ्या ओढणीचं टोक तोंडात घालू लागली.

"किती दिवस झाले हे दिसतंय?" मावशींनी विचारलं.

"श्रावणाच्या आधीपासून."

"आणि एकटी गिळत बसलीस."

शैलावहिनी माझ्याजवळ उकिडव्या बसल्या होत्या. त्यांचा आवाज निराळाच लागला. "माझ्या सोहमच्या वेळेला मी परसातल्या आडाकडे जात नव्हते. दोन महिने. पाणी तुझे भाऊजी भरायचे. मी सांगितलं होतं, मला चक्कर येते."

"तुम्ही?"

"मीच. मला आड दिसला की पोर त्यात दिसायचं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मी तर कुणाला सांगितलंच नाही. आज सांगतेय."

"अगं मग हिला विचारायचंस ना, भवाने," सिंधूमावशी त्यांच्यावर उखडल्या. "तुला माहीत असून?"

"मला वाटलं, ही शिकलेली आहे, हिला असलं काही होत नसेल."

आणि का कुणास ठाऊक, त्या वाक्याला मलाच हसू फुटलं. रडताना हसू आलं की नाक वाहतं. शमिका माझ्याकडे टकामका बघत होती.

पाणी निवत चाललं होतं. देवी पाटावर तशीच उभी होती. "आता हिचं काय करायचं?" कुणीतरी हळूच विचारलं.

"काय करायचं म्हणजे? न्हाऊ घालायची," सिंधूमावशी म्हणाल्या. "ऋजुता, बस पाटावर. शैला, तू हिच्या मागे बस. हिच्या काखेतून हात घाल आणि हिच्या हातांखाली धर. पडायचीच असेल तर दोघींच्या हातून पडेल."

मी बसले. पाय पसरले. शैलावहिनी माझ्या पाठीला चिकटून बसल्या. माझ्या हातांखाली त्यांचे बांगड्यांनी भरलेले हात आले. नडग्यांवर धातूचा गारवा आणि मग वरून कोमट पाणी. मी रिठ्याचा फेस तिच्या झिजलेल्या नाकावरून, खांद्यावरून, त्या वळलेल्या बोटांमधून फिरवला. वहिनींचे हात खालून तसेच होते. मूर्ती हलली नाही.

"बघ," शैलावहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "दोन हातांची म्हणत होतीस. इथे तर चार झाले."

संध्याकाळी निनाद आला. तो शनिवार नव्हता. शैलावहिनींनी फोनवर त्याला काय सांगितलं माहीत नाही. तो आला आणि बूट न काढताच माझ्यापाशी खाली बसला. "तू मला छान म्हणायचीस," एवढंच बोलला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही डोळे मोठे केले नाहीत.

"असे विचार खूप आयांना येतात," त्या म्हणाल्या. "बोलत नाहीत म्हणून प्रत्येकीला वाटतं, आपल्यालाच येतात. विचार आला म्हणजे तुम्ही तसं करणार असं नाही. तुम्ही त्या विचाराला इतक्या घाबरलात की विळी माळ्यावर टाकलीत. पण झोप नाही, जेवण नाही, हे असं अंगावर काढायचं नसतं. याला औषध आहे. आणि औषध लागू पडेपर्यंत तुम्ही एकटं राहायचं नाही."

"बाळाला माझ्यापासून दूर ठेवायचं का?"

"उलट. तिच्याजवळच राहायचं. पण तुमच्याजवळही कुणीतरी राहायचं."

निनादने रजा काढली. ती संपल्यावर शैलावहिनींनी त्यांची गादी आमच्याकडे आणली. आणि आळीने, मला न विचारता, फुलाचा नियमच बदलला. देवीच्या हातातलं कालचं फूल पुढच्या घरी जायच्या आधी रोज माझ्याकडे यायला लागलं. ज्या घरची पाळी, तिथली बाई यायची, माझ्या हातात फूल द्यायची, हात धरून थोडी बसायची, कुणी शमिकाला घ्यायची, कुणी उष्टी भांडी घासून जायची, आणि मग माझ्याच हातून फूल परत घेऊन पुढे जायची. काहीजणी नुसत्या गावगप्पा मारायच्या. एक तर माझ्याच गादीवर आडवी होऊन घोरायची. मला चालायचं.

बरं एका दिवसात वाटलं नाही. दिवाळी गेली, थंडी पडली. काही दिवस पुन्हा वाईट गेले. पण एका सकाळी शैलावहिनींना यायला उशीर झाला, पाणी तापलं होतं, शमिका भुकेजली होती, आणि मी पाय पसरून बसले आणि तिला घेतलं. अर्धी अंघोळ झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय करतेय. मागे बघितलं तर वहिनी दारात उभ्या. आत आल्या नाहीत. तोंडाला पदर लावून उभ्याच राहिल्या.

त्याच दिवशी सिंधूमावशींची पाळी होती. त्या फूल घेऊन आल्या, नेहमीप्रमाणे माझा हात चेपला. "भरला गं हात," म्हणाल्या. "आता नवा चुडा घालायला ये."

"मावशी, तुम्ही विचारलं होतं ना? एवढं सगळं ओतलं आणि फूल का नाही ओतलं?"

"मग? सापडलं पुस्तकात?"

"नाही. पण फूल धातूचं असतं तर ते सुकलं नसतं. मग तुम्ही रोज कशाला आला असता?"

मावशींनी फूल माझ्या हातात ठेवलं. "मी काही फुलासाठी येत नव्हते."

"तेच म्हणतेय."

"हं," त्या म्हणाल्या. "पण त्या माणसाला नुसता फूल ओतायचा कंटाळा आला असेल, तर?"

"असू शकेल," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी खूप हसलो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. शमिका तिसरीत आहे. दार लावून स्वतःची अंघोळ स्वतः करते आणि मी बाहेरून हाक मारली की "आई, प्लीज!" म्हणते. तेव्हापासून जाईन तिथे मी बायकांच्या 'छान'मागे काय लपलंय ते शोधत असते. ती सवय सुटत नाही, आणि सुटावी असं वाटतही नाही.

तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल. बहीण, मैत्रीण, वरच्या मजल्यावरची, ऑफिसमधली रजेवर गेलेली. काही महिन्यांचं बाळ असेल, फोटो गोड येत असतील, फोनवर "छान" म्हणत असेल. आज तिच्याकडे जा. बाळाला नंतर घ्या. आधी तिला विचारा, झोप लागते का.

आणि ती "लागते" म्हणाली, तरी लगेच उठू नका. थोडं बसा.